मामांच्या टेबलावरचं पिल्लू

चित्रपट जवळपास जुळून आला, तेव्हा विश्न्याने आईला फोन लावला. कौतुक करायला दुसरं कोणी जवळ नव्हतं. नोवी साद शहरातल्या कलाशाळेच्या तळघरात एडिटिंगची खोली होती, तिथे ती सकाळपासून एकटी बसली होती. गटातले बाकीचे दोघे, दिग्दर्शक रेल्या आणि कॅमेरामन उग्लेशा, कॉफी आणतो म्हणून गेले होते ते गेलेच.

"आई, मामा बघ कसे दिसतात," असं म्हणून तिने फोन पडद्यासमोर धरला.

पडद्यावर स्लावाचं, म्हणजे घराण्याच्या संताच्या सणाचं, टेबल होतं. मधोमध उंच मेणबत्ती, भोवती पाहुण्यांचे हात आणि ग्लास. डावीकडून दोन हात आले. त्यांनी भाजलेल्या कार्प माशाची परात टेबलावर ठेवली. लगेच पुढच्या शॉटमध्ये त्रिफुनमामांचा चेहरा होता. डोळे अर्धे मिटलेले, मिशा हलताहेत, माणूस मन लावून चावतो आहे. विश्न्याचा हा सगळ्यात लाडका कट होता. परात टेबलाला टेकते त्याच क्षणी मामांचा जबडा हलायला लागतो. मधला सांधा कुठे आहे ते सांगूनही कोणाला सापडला नसता.

आईने चष्मा चढवला.

"दिसतंय ना गं?"

"दिसतंय," आई म्हणाली. "विश्न्या, मामाच्या खांद्यामागे काय आहे?"

"कुठे?"

"डाव्या खांद्यामागे. तोंडात सफरचंद धरून बसलंय ते."

विश्न्याने पाहिलं. मामांच्या डाव्या खांद्यामागे भाजलेलं डुकराचं पिल्लू होतं. सोनेरी, तुकतुकीत, कान ताठ. ते पहिल्यापासून तिथेच होतं. गेला आठवडाभर ती हा शॉट पुढे-मागे करत होती आणि दर वेळी मामांचे डोळे बघत होती, जबडा बघत होती, गालावरचा उजेड बघत होती.

"हा संत निकोलाचा दिवस आहे ना?" आईने विचारलं.

"हो."

"नाताळच्या उपासातला. त्या दिवशी आमच्या घरात मासा असतो. माझ्या आजोबांच्या वेळेपासून त्या टेबलावर मांस आलेलं नाही. तुझा मामा चर्चचा कारभारी आहे. आणि हे तू शनिवारी सगळ्या गावाला दाखवणार आहेस."

"आई, ऐक..."

"पहिल्या रांगेत राडिवोय बसणार आहे," आई म्हणाली, आणि तिने फोन ठेवला.

राडिवोय हे मामांचे शेजारी. दोघांच्या अंगणांमध्ये एकच कुंपण, आणि गेल्या वसंतापासून दोघांमध्ये एक शब्द नाही. ईस्टरच्या आधीचा मोठा उपास चालू होता. रविवारी चर्चच्या फाटकाशी, सगळ्या गावासमोर, मामांनी राडिवोयना खिशातला रुमाल काढून दिला आणि म्हणाले, "मिशी पूस. चरबीचे कुरकुरे अडकलेत." राडिवोयनी मिशी पुसली. रुमाल परत केला नाही. आता फेब्रुवारीच्या अखेरीस चर्चच्या कारभाऱ्याची निवड होती, आणि एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच मामांच्या विरोधात कोणीतरी उभं होतं. कोण, ते सांगायला नको.

म्हणजे आता हिशेब सरळ होता. मामांकडे ना मोठी शेती होती ना ट्रॅक्टर नवा होता. गावात त्यांची जी काही पत होती ती एवढीच, की हा माणूस सांगतो तसं वागतो. आणि ती पत त्यांच्या भाचीने स्वतःच्या हाताने, न दिसणाऱ्या सांध्याने, भाजलेल्या पिल्लाला जोडून दिली होती.

रेल्या आणि उग्लेशा परतले ते कॉफी आणि चीज भरलेला पापुद्र्यांचा बुरेक घेऊन. विश्न्याने दोघांना खुर्चीत बसवलं आणि शॉट थांबवून पडद्यावर बोट ठेवलं.

"हे काय आहे?"

"फ्रेमचा तोल," उग्लेशा म्हणाला. "डावीकडे काहीतरी जड हवं होतं."

"उग्लेशा, हे डुक्कर आहे."

"जडच आहे की."

"रेल्या, हे कुठे शूट केलंत?"

रेल्याने बुरेकचा तुकडा तोंडात टाकला. तोंड भरलं की थोडा वेळ मिळतो, हे त्याला माहीत होतं. "योवानाच्या दिवशी," तो शेवटी म्हणाला. "आमच्या घरी."

मग सगळं बाहेर आलं. डिसेंबरात निकोलाच्या दिवशी तिघांनी मामांच्या घरी शूटिंग केलं, तेव्हा विश्न्या होतीच. परत आल्यावर रेल्याने फुटेज पाहिलं आणि त्याच्या लक्षात आलं की नायकाचा चेहराच नाही. उग्लेशाने कॅमेरा टेबलाच्या उंचीला लावला होता आणि मामा दिवसभर एकदाही खाली बसले नव्हते. त्यामुळे हात होते, पोट होतं, जाकिटाची बटणं होती. डोकं कशातच नव्हतं. आता चेहरा कुठून आणायचा? रेल्याने डोकं चालवलं. त्याच्या वडिलांच्या घराण्याचा संत योवान, त्याचा दिवस वीस जानेवारीला. स्लावाला कोणाला बोलावत नाहीत, येईल तो पाहुणा, आणि आलेल्याला कोणी परत पाठवत नाही. मांडलेलं टेबल, पेटलेली मेणबत्ती, चांगल्या कपड्यातली पन्नास माणसं, वर जेवण. चित्रपट काढणाऱ्याला आणखी काय लागतं? त्याने गाडी काढली, गावात जाऊन मामांना तेच जाकीट घालायला लावलं आणि आपल्या घरी आणून बसवलं. त्या दिवशी विश्न्याची परीक्षा होती.

"टेबल ते टेबल," रेल्या म्हणाला. "मेणबत्ती ती मेणबत्ती."

"आणि डुक्कर ते मासा?"

"योवानाच्या वेळी उपास संपलेला असतो. आई पिल्लूच करते दरवर्षी."

"ते मला माहीत आहे रे! निकोलाच्या दिवशी नसतं, एवढंच तुला माहीत नव्हतं?"

"माहीत होतं," रेल्या म्हणाला. "पण मी चेहऱ्याकडे बघत होतो. त्या चेहऱ्यावर काय एकटेपणा आहे, बघ तरी."

चित्रपटाचं नाव होतं 'एकांत'. गर्दीतला माणूस आतून कसा एकटा असतो, असा रेल्याचा विषय. निकोलाच्या दिवशी तो मामांना सारखं समजावत होता, "मामा, अभिनय करू नका, फक्त एकटे व्हा." आणि मामा सूपचं भांडं घेऊन त्याला म्हणत होते, "पोरा, घरात एवढी माणसं आहेत, एकटा कसा होऊ? बाजूला हो, सांडेल."

"हा एकटेपणा नाही," विश्न्या म्हणाली. "हा माणूस खुशीत जेवतोय."

शुक्रवारी दुपारपर्यंत चित्रपट जमा करायचा होता. तिघांना सारखेच गुण मिळणार होते. शनिवारी गावच्या सांस्कृतिक भवनात खेळ होता, तो विश्न्यानेच कबूल केला होता, कारण मामांच्या घरातल्या प्रत्येक पाहुण्याने कॅमेऱ्यात बघून विचारलं होतं की हे आम्हाला कधी दिसणार.

त्यांनी उपाय सुरू केले. रेल्या म्हणाला, कृष्णधवल करून टाकू, कळणारसुद्धा नाही. विश्न्याने रंग काढले. पिल्लाला एकदम भारदस्तपणा आला.

"आता तो माजी मंत्री दिसतोय," उग्लेशा म्हणाला.

मग मामांचा चेहरा मोठा करून पिल्लू चौकटीबाहेर ढकलायचं ठरलं. एवढं मोठं करावं लागलं की मामांच्या नाकपुड्या आणि मिशा तेवढ्या उरल्या, आणि तरी कोपऱ्यात एक कान राहिलाच. मग पिल्लू धूसर केलं. मामांच्या खांद्यामागे एक गुलाबी, हलणारा डाग आला. तिघंही बघत राहिले.

"कोणीतरी नागडं उभं आहे आणि आपण झाकलंय, असं वाटतंय," उग्लेशा म्हणाला.

"त्यापेक्षा पिल्लू परवडलं," विश्न्या म्हणाली, आणि तिने डाग पुसून टाकला.

"तू उगाच घाबरतेयस," रेल्या म्हणाला. "आपल्या बाईंना चित्रपट तपासताना काही कळणार नाही."

"बाईंना नाही कळणार. राडिवोयना कळेल. आणि ते माझ्या मामांच्या शेजारी राहतात, बाईंच्या नाही."

शेवटी तिने मामांना फोन केला. खरं सांगायचं असं ठरवूनच केला. मामा फारच आनंदात होते. भवनाची शेगडी दुरुस्त करून घेतली होती, शाळेतून बाकं आणली होती, फादर गावरिलो येणार होते, आणि कोणी विचारलं नसतानाही गावभर सांगून झालं होतं.

"मामा," विश्न्या म्हणाली, "निकोलाच्या दिवसाचं टेबल पुन्हा एकदा मांडता आलं तर? थोडाच वेळ. मासा आम्ही आणू."

"पुन्हा? संत वर्षातून दोनदा येतो काय?"

"फक्त शूटिंगपुरतं. मेणबत्ती लावायची, तुम्ही बसायचं..."

"विश्न्या," मामा म्हणाले. आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त जड वाटला. "स्लावाची मेणबत्ती नाटकासाठी लावायची? आणि स्लावाला मी बसायचं?" मग लगेच निवळले. "त्या रेल्याच्या बापाकडे मात्र पिल्लू काय होतं गं! कातडी अशी कडक, की चमच्याने वाजवावी. तुम्ही मला त्या दिवशीही टिपत होता. मला वाटलं, पोरांना हौस आहे. ते काही तू चित्रपटात घेणार नाहीस, ते वेगळंच."

"हो," विश्न्या म्हणाली. "वेगळंच."

तिने फोन ठेवला. दारावर थाप पडली. पुढची वेळ ॲनिमेशनवाल्यांची होती. उग्लेशाने दार अर्धवट उघडून सांगितलं की आमच्याकडे एक मयत झालंय, आणि दार लावून घेतलं.

"चेहरेच काढून टाकू," विश्न्या म्हणाली. "योवानाच्या दिवसाचं सगळं काढू. फक्त गावातलं ठेवू."

"गावातलं काय ठेवणार?" उग्लेशा तडकला. तो सहसा तडकत नसे. "गावातलं सगळं वाया गेलंय. मी कॅमेरा टेबलाला लावला, कारण दिग्दर्शकांनी सांगितलं की मामा टेबलाशी बसतील. मी त्यांना हजारदा म्हटलं, मामा बसा, बसा ना. तर म्हणतात, तू बस, तू पाहुणा आहेस. यजमान स्वतःच्या स्लावाला बसतो कुठे! एक फ्रेम धड नाही. सगळीकडे पोट. रेल्या सोडला तर मी लाजेने कोणाला दाखवलेलं नाही."

"दाखव," विश्न्या म्हणाली.

"कशाला?"

"दाखव म्हणते ना."

रेल्याने बाद करून टाकलेले ते सगळे शॉट तिने उघडले. बिनचेहऱ्याचा माणूस येत होता, जात होता. पावाची टोपली, घेवड्याची भाजलेली उसळ, मग कार्पची परात. कोणाच्या तरी ग्लासात वाईन ओतणारा हात. पोरांच्या डोक्यावरून फिरणारा हात. एका म्हातारीच्या मांडीवर रुमाल नीट करणारा हात. पाहुणे बसलेले, खाणारे, हसणारे; त्यांचे चेहरे पूर्ण. मध्येच ते जाकीट थांबायचं, भिंतीला टेकायचं, एक पाय उचलून दुसऱ्या पायावर भार द्यायचं, आणि परत निघायचं. दिवसभरात त्या हातांनी स्वतःच्या तोंडाकडे काही नेलं नव्हतं.

मग तिने योवानाच्या दिवसाचं फुटेज लावलं. मामा खुर्चीत होते. खुर्चीत असे बसले होते की जणू वर्षभराने बसताहेत. आणि त्यांच्या मागून, पिल्लाच्याही मागून, एक पोट गेलं. हातात बाटली. पुन्हा एकदा उलट दिशेने गेलं.

"हे कोणाचं पोट?"

"बाबांचं," रेल्या वैतागून म्हणाला. "सगळ्या शॉट्समध्ये घुसलेत. त्यांना सांगितलं होतं बाजूला राहा, पण घरचा स्लावा, ते कुठले थांबतात."

विश्न्याने शॉट थांबवला. पडद्यावर मामा बसलेले, आणि त्यांच्यामागे एक उभा, बिनचेहऱ्याचा यजमान.

"मामा बसलेत," ती म्हणाली.

"बसलेत म्हणूनच चेहरा मिळाला," उग्लेशा म्हणाला.

"बसलेत, म्हणजे ते त्यांच्या घरी नाहीत. हे आपल्या गावात कोणाला सांगावं लागणार नाही. लहान पोरालाही नाही. आपण दोन टेबलं एक केली म्हणून पिल्लू पाप झालं. दोन दोनच ठेवली तर ते नुसतं जेवण आहे."

रेल्याने हातातला कप खाली ठेवला. "म्हणजे माझा एकांत?"

"रेल्या, तुझा एकांत तिथे नव्हताच. ह्यात काय आहे ते बघ ना. एक माणूस दिवसभर सगळ्यांना वाढतो, स्वतः बसत नाही. मग एका दिवशी तो दुसऱ्याच्या दारात जातो, आणि तिथे दुसरा माणूस उभा राहतो म्हणून ह्याला बसायला मिळतं."

"आणि अर्धा चित्रपट नायकाचं डोकंच नाही?" रेल्या म्हणाला. "लोक हसतील."

विश्न्याला रेल्या तीन वर्षं माहीत होता. कोणत्या दारावर थाप मारायची ते तिला कळत होतं.

"हेच तर," ती म्हणाली. "नायकाचा चेहरा अर्धा चित्रपट लपवून ठेवायचा. आपल्या वर्गात एवढं धाडस कोण करेल?"

रेल्या उठला, दोन पावलं चालला, परत आला. खोली तेवढीच होती.

"खरं सांगू?" तो म्हणाला. "शूटिंगच्या वेळी हे माझ्या डोक्यात होतंच. बोललो नाही एवढंच."

उग्लेशाने विश्न्याकडे पाहिलं. विश्न्याने कीबोर्डकडे पाहिलं.

"म्हणजे माझी पोटं राहणार?" उग्लेशाने विचारलं.

"सगळी."

तिने तो लाडका कट उघडला. परात टेकते, जबडा हलतो. तिने तो शेवटचा एकदा पाहिला आणि मधोमध तोडला. दोन तुकड्यांच्या मध्ये मामांचाच एक शॉट घातला: दिवसाच्या शेवटी ते जाकीट मेणबत्तीजवळ येतं, हात वाईनचे थेंब ज्योतीवर सोडतो, मेणबत्ती विझते, पडदा काळा होतो. तो शॉटही रेल्याने बाद केला होता. शुक्रवारी त्यांनी चित्रपट जमा केला. नाव बदललं होतं: 'पाहुणा'. बाईंनी नाव वाचून विचारलं, एकांताचं काय झालं? रेल्या म्हणाला की तो आता जास्त खोल गेलाय.

शनिवारी भवन भरलं. बाकं कमी पडली तेव्हा लोकांनी घरून खुर्च्या आणल्या. मामा चांगला कोट घालून दारात उभे होते, येईल त्याच्या हातात राकियाचा, म्हणजे फळांच्या दारूचा, छोटा ग्लास देत होते आणि त्याला आत ढकलत होते. फादर गावरिलो शेगडीजवळ बसले. पहिल्या रांगेत मधोमध राडिवोय, हाताची घडी घातलेले. दारातून आत येताना त्यांनी ग्लास घेतला नव्हता. त्यांच्या शेजारी त्यांची बायको कोसारा, तिने घेतला होता, आणि नवऱ्याच्या वाट्याचाही घेतला होता.

विश्न्या मागच्या भिंतीला प्रोजेक्टरजवळ उभी होती.

पडद्यावर पहिलं पोट आलं आणि लोकांनी लगेच ओळखलं.

"त्रिफुन! जाकीट बघ."

"डोकं कुठाय त्याचं?"

"डोकं कशाला, हात बघ. परात कशी धरलीय, थेंब नाही सांडत."

"मासा मोठा होता हो यंदा."

"तो टिसा नदीचा नाही, तळ्यातला आहे."

"टिसाचा आहे! मी होतो त्या दिवशी."

"तूच तर बसलायस तिथे. किती खाशील?"

प्रत्येक जण स्वतःला शोधत होता आणि सापडल्यावर शेजाऱ्याला कोपराने ढोसत होता. पोट भिंतीला टेकलं, एक पाय उचलला, तेव्हा मागच्या बाकावरची कोणी बाई हळूच म्हणाली, "दमला बिचारा." मग मेणबत्ती विझली. पडदा काळा झाला, आणि भवनात शेगडीचा आवाज तेवढा राहिला.

मग मामांचा चेहरा आला. डोळे अर्धे मिटलेले, मिशा हलताहेत. डाव्या खांद्यामागे पिल्लू.

राडिवोय ताडकन उठले. खुर्ची मागे पडली.

"बघा!" ते पडद्याकडे हात करून ओरडले. पिल्लाचा एक कान त्यांच्या कोटाच्या पाठीवर पडला होता. "बघा सगळ्यांनी! फादर, बघताय ना? हा आपला कारभारी! मला रुमाल देतो!"

विश्न्याला वाटलं, आपण चुकलो. तळघरात सगळं सोपं वाटलं होतं. तिने दाराकडे पाहिलं. मामा तिथेच होते, हातात बाटली, पडद्याकडे बघत, आणि त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं.

"खाली बस," कोसारा म्हणाली.

"का बसू? पिल्लू दिसत नाही तुला?"

"पिल्लू दिसतंय. तो बसलाय, ते दिसत नाही तुला? पाहुणा आहे तो. कुठे योवानाकडे गेला असेल." तिने नवऱ्याच्या ग्लासातलं संपवलं. "मागून ते पोट गेलं बघ, तो तिथला यजमान."

राडिवोयनी पाहिलं. पडद्यावरून रेल्याच्या बाबांचं पोट बाटली घेऊन शांतपणे गेलं. राडिवोयचा हात अजून वर होता.

तेवढ्यात मागच्या रांगेतून कोणीतरी म्हणालं, "अरे राडिवोय, सगळे बसलेत, तू एकटाच उभा. आज तुझा स्लावा आहे काय?"

भवनात हशा फुटला. लोक बाकांवर हात आपटून हसले. फादर गावरिलोंनी तोंडावर रुमाल धरला, पण खांदे हलत होते. राडिवोयना बसायचं होतं, पण खुर्ची मागे पडलेली, ते बसायला गेले ते सरळ मागच्या माणसाच्या मांडीवर, आणि तो माणूस म्हणाला, "ये ये, बस, पाहुण्याला नाही म्हणत नाहीत." त्या गोंधळात चित्रपटातले शेवटचे संवाद कोणालाच ऐकू आले नाहीत. रेल्याने त्यांवर पंधरवडा घालवला होता. तो विश्न्याशेजारी उभा राहून पुटपुटत होता, "शांतता हवी होती इथे. इथे शांतता होती."

दिवे लागले. लोक उठले, खुर्च्या उचलून बाहेर निघाले, आणि दारात पुन्हा एकेक ग्लास घेऊ लागले. मामा ओतत होते.

"मामा, बसा की आता," विश्न्या म्हणाली.

"लोक जाऊ देत." त्यांनी एका म्हाताऱ्याचा ग्लास भरला, मग तिच्याकडे न बघता म्हणाले, "ते पिल्लू घेणार नव्हतीस ना तू?"

"नव्हते."

"हं." त्यांनी बाटली उजेडाकडे धरून किती उरली ते पाहिलं. "चांगलं दिसत होतं."

राडिवोय सगळ्यात शेवटी आले. मान खाली, टोपी हातात. दारात थांबले. कोसारा पुढे निघून गेली होती, तिने मुद्दामच भराभर पावलं उचलली असावीत. मामांनी ग्लास पुढे केला. राडिवोयनी खिशात हात घातला, एक धुतलेला, घडी केलेला रुमाल काढून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला, आणि मग ग्लास घेतला.

"चौदा तारखेला आमच्याकडे संत त्रिफुनाचा स्लावा," ते म्हणाले.

"माहीत आहे."

"बोलवायचं नसतं."

"मग बोलावू नकोस."

राडिवोयनी ग्लास एका दमात रिकामा केला. "मेंढरू आहे."

"मेंढरू चालतं मला," मामा म्हणाले. "खुर्ची चांगली असली म्हणजे झालं. तुझ्याकडच्या डुगडुगतात."

"निवडणुकीत मी मागे हटणार नाही, सांगून ठेवतो."

"कोण म्हणालं हट?"

राडिवोय निघाले, आणि अंगणात उग्लेशा कॅमेऱ्याची पिशवी गाडीत ठेवत होता तिथे थांबले. त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"ए पोरा. तूच ना तो, पोटं काढणारा?"

"हो काका."

"चौदाला कॅमेरा घेऊन ये. पण माझं डोकं आलं पाहिजे. सगळ्या शॉटमध्ये. मिशीसकट."

"मग काका, तुम्हाला टेबलाशी बसावं लागेल."

राडिवोयनी टोपी डोक्यावर ठेवली.

"वेडा आहेस काय?" ते म्हणाले. "माझ्या घरी?"